पोरगं ठाण्यात, आईबाप दारात: आधी काय करायचं?

फोन बहुतेक वेळा मित्राचा येतो. "काकू, त्याला पोलीस घेऊन गेले." कुठले पोलीस, कशासाठी नेलं, कुठे नेलं, यातलं काहीच त्या मित्राला सांगता येत नाही. मग आई आहे तशी निघते, बाबा कामावरून सुटून येतात, बरोबर चाळीतले आठ-दहा जण आणि मंडळाचा कुणी कार्यकर्ता. ठाण्याच्या दारात पहिला अर्धा तास आरडाओरड्यात जातो. तेवढ्या वेळात आत मुलाला बरंच काही विचारून झालेलं असतं. हे मी सांगू शकते, कारण मी आतल्या बाजूला बसायचे.

मुंबई पोलिसांतून मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं काम माझ्याकडे होतं. आता कन्नमवार नगरात राहते. कुणाचं पोर अडकलं की बायका माझ्या दारात येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आम्ही नसताना त्याला विचारूच कसं शकतात?"

खरं उत्तर कुणाला आवडत नाही. पालक हजर नसताना मुलाला एकही प्रश्न विचारायचा नाही, असं आपल्या कायद्यात कुठेही सरसकट लिहिलेलं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चा आणि त्याखालचे केंद्राचे नियम २०१६ चे. मुलाची विचारपूस चालू असताना आईवडिलांना तिथे बसता येतं, एवढं त्या नियमांत आहे. म्हणजे तुम्ही दारात उभ्या राहून "मला आत बसायचंय" म्हणालात, तर तुम्हाला बाहेर ठेवायला कायद्याचा आधार कुणाकडे नाही. पण तुम्ही पोचलाच नाहीत, तर पोलीस तुमची वाट पाहत थांबतीलच असं नाही. म्हणून लवकर पोचायचं, आणि पोचेपर्यंत मुलाने काय करायचं ते त्याला घरीच शिकवून ठेवायचं.

आधी विचारा: कशासाठी बोलावलंय?

ठाण्यात शिरल्यावर "माझ्या पोराने काही केलं नाही" हे वाक्य गिळून टाका. काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या तोंडून निघालेलं काहीही उद्या उलटू शकतं. ठाणे अंमलदाराकडे जाऊन शांतपणे एवढंच विचारा: "साहेब, मी अमक्याची आई. त्याला साक्षीदार म्हणून आणलंय, का त्याच्यावर संशय आहे, का त्याच्यासोबत काही घडलंय?" या तिन्हींचे नियम वेगळे आहेत. हा प्रश्न विचारणारी बाई आली की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

साक्षीदार असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या १६० ची जागा त्याने घेतली. पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कुठल्याही वयाच्या मुलीला किंवा बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं. तुम्ही स्वतःहून जायला तयार असाल तर गोष्ट वेगळी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बोलावता येतं, पण लेखी आदेशाने. हवालदार नाक्यावर येऊन "जरा चल रे, साहेबांनी बोलावलंय" म्हणतो, तो लेखी आदेश नव्हे. साक्षीदाराने खरं बोलायचं असतं. फक्त ज्या उत्तराने तो स्वतःच गुन्ह्यात अडकेल, ते द्यायला तो बांधलेला नाही.

मुलासोबत लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो, २०१२ चा कायदा. तिथे मात्र पालकांबद्दल स्पष्ट लिहिलंय. जबाब आईवडिलांसमोर, किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसासमोर घ्यायचा. घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या हुद्द्याच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, अंगावर गणवेश नको. कसल्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. घरातलाच माणूस आरोपी असेल, तर आईने एकट्याने जावं आणि मुलीला विचारावं की तुझ्याजवळ कुणी बसायचं. मावशी म्हणाली तर मावशी.

राहिला संशयित. बहुतेक फोन याचेच असतात, म्हणून इथे जरा थांबते.

मुलावर संशय असेल तेव्हा

ठाण्यात गेल्यावर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा. प्रत्येक ठाण्यात निदान एक असावाच लागतो, सहायक फौजदाराच्या खालचा नसावा आणि मुलांचं काम करताना त्याने साध्या कपड्यांत असावं. त्याचं नाव आणि नंबर ठाण्यातल्या फलकावर लावलेला असतो. "साहेब बंदोबस्तावर आहेत" असं उत्तर येईल, आणि कित्येकदा ते खरंही असतं. गणपतीत आणि निवडणुकीत मी स्वतः आठवडाभर बंदोबस्ताला असायचे. तरी म्हणायचं, "मग त्यांना फोन लावा, आम्ही बसतो." कारण मुलाला ताब्यात घेतलं की त्याला या अधिकाऱ्याच्या किंवा विशेष बाल पोलीस पथकाच्या हवाली करायचं असतं. डिटेक्शनच्या, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकाच्या, पोरांनी त्याला आपल्या खोलीत घेऊन बसायचं नसतं.

आता बहुतेक पालकांना माहीत नसलेली गोष्ट. बाल न्याय नियमांतला नियम ८ म्हणतो, मुलाला ताब्यात घ्यायचं ते फक्त घृणास्पद गुन्ह्यात, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे अशा गुन्ह्यात. याला अपवाद एकच, ताब्यात घेणं मुलाच्याच हिताचं असेल तर. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत, म्हणून मोबाइल उचलल्याच्या संशयावर मुलाला धरून बसवायचं कारण नाही. एफआयआरही नाही. स्टेशन डायरीत नोंद, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल आणि तो बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळाकडे, रवाना, एवढंच काम. बरोबर कुणी अठरा वर्षांवरचा असेल तर एफआयआर होतो, आणि आपल्याकडे तसं पुष्कळदा असतं. पोरांना पुढे करणारा कुणीतरी दादा मागे असतोच.

खूप पोलिसांना हा नियम ठाऊक नसतो. मुद्दाम मोडतात असं मी म्हणणार नाही. रात्रपाळी करून उठलेला शिपाई, डोक्यावर दहा प्रकरणं, त्याला कुणी नियम ८ शिकवलेलाच नसतो. म्हणून भांडू नका, नाव घेऊन सांगा: "साहेब, बाल न्याय नियम आठ बघा ना." कलमाचा आकडा ऐकला की ठाण्यातला आवाज खाली येतो.

बाकीचं भराभर सांगते. मुलाला कोठडीत टाकायचं नाही. बेडी नाही, दोरी नाही, मारहाण नाही. विचारपूस बालस्नेही कोपऱ्यात किंवा तशाच खोलीत करायची, तपासाचा दबाव वाटेल अशी नाही. कबुलीसाठी जबरदस्ती नाही. तो ठाण्यात असेपर्यंत त्याच्या खाण्यापिण्याची आणि सुरक्षिततेची जबाबदारी पोलिसांची. मुलगी असेल तर झडती महिला पोलीसच घेणार, आणि सूर्यास्तानंतर अटकेला न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

चोवीस तासांचा हिशेब मात्र नीट समजून घ्या. ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मुलाला मंडळापुढे न्यायलाच लागतं. "आज शनिवार, सोमवारी बघू" हे चालत नाही. मंडळ बसलेलं नसेल तर मंडळाच्या एका सदस्यापुढेही नेता येतं, बाल न्याय कायद्याच्या कलम ७ मध्ये तशी सोय आहे. मधल्या वेळात जामिनावर सोडलं नाही, तर मूल राहणार निरीक्षणगृहात. ठाण्याच्या बाकावर रात्र काढायची नाही. मुंबईत आपण ज्याला डोंगरीचं रिमांड होम म्हणतो ते हेच, उमरखाडीचं. १८८२ साली टिळक आणि आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, त्याच जुन्या जागेत आज मुलं ठेवतात. भिंती बघून आयांच्या पोटात गोळा येतो, पण ठाण्यातल्या बाकापेक्षा मूल तिथे बरं, हे माझं स्पष्ट मत आहे.

सही आणि सॉरी लेटर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, मारहाणीपेक्षाही जास्त.

मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही, असं नियम ८ सांगतो. तपासातल्या जबाबावर तर मोठ्या माणसाचीही सही घेत नाहीत, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून धरली जात नाही, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. हे सगळं पालकांना कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून पोलिसांच्या कागदाला ते सावध असतात. फसतात ते दुसऱ्याच कागदाला.

दुकानदार म्हणतो, "आम्हाला केस करायची नाही, पोराने फक्त माफीनामा लिहून द्यावा." किंवा शाळेचे मुख्याध्यापक पोलिसांना बोलावण्याआधी मुलाला केबिनमध्ये बसवतात आणि वहीचं पान पुढे करतात: "काय केलंस ते लिही आणि सही कर." पोर घाबरून लिहितं. न केलेलंही लिहितं, कारण लिहिलं की घरी जायला मिळेल असं त्याला वाटतं. हा कागद पोलिसांपुढे लिहिलेला नाही, त्यामुळे कलम २३ चा आडोसा त्याला आपोआप मिळत नाही. पुढे मंडळापुढे तो बाहेर आला की वकिलाला त्यावरच झगडत बसावं लागतं. म्हणून मुलाला सांगा, मोठं माणूस हाताला धरून म्हणालं तरी आईबाबा येईपर्यंत काहीही लिहायचं नाही.

एका कागदावर तुम्हाला स्वतःला सही करावी लागेल. मुलाला घरी सोडताना पालकांकडून हमीपत्र घेतात, मंडळाच्या तारखांना मुलाला हजर करीन म्हणून. हे योग्य आहे, सही करा. पण ओळ न् ओळ वाचून. त्यात "माझ्या मुलाने केलेल्या चोरीबद्दल" अशी शब्दरचना असेल, तर ती खोडून "ज्या प्रकरणात चौकशी चालू आहे त्याबाबत" असं लिहायला सांगा. मराठी वाचता येत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. मोबाइल जमा करत असतील तर जप्तीचा पंचनामा मागा, त्यात आयएमईआय नंबर हवा. नव्या संहितेत जप्तीचं व्हिडिओ चित्रणही करायचं असतं.

स्कूटीच्या प्रकरणात आईबापांनीच आधी तोंड आवरावं. अठराच्या आतला मुलगा गाडी चालवताना सापडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीचा मालकच आरोपी होतो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. "चावी मीच दिली होती, पाच मिनिटांसाठी" असं फौजदारापुढे बोलून टाकणारे बाबा मी कित्येक पाहिलेत. इथे तुमचा आणि मुलाचा फायदा एकच असेल असं नाही. त्याच्यासाठी वेगळा वकील हवा.

वकील, आणि तोही फुकट

विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाप करोडपती असला तरी मुलाला हक्क आहे. मूल ताब्यात घेतलं की पोलिसांनी स्वतःहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. हा आग्रह आपल्याच शहरातून वर गेला. शीला बर्से या पत्रकार मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना भेटल्या, पोलीस कोठडीतल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि १९८३ च्या निकालात न्यायालयाने अटकेची खबर लगेच कायदेशीर मदत समितीला द्यायला सांगितलं. तुम्ही स्वतः १५१०० वर फोन करा. मुलांसाठी १०९८ आहेच. मूल कुठल्या ठाण्यात आहे तेच कळत नसेल तर ११२. आणि लोकलमध्ये किंवा फलाटावर पकडलं असेल, तर जवळच्या शहर पोलीस ठाण्यात शोधत बसू नका. आधी त्या स्टेशनची आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, चौकी, मग लोहमार्ग पोलिसांचं ठाणं.

मुलाला काय शिकवायचं

फोन काढून घेतला की आजकालच्या पोरांना आईचाही नंबर आठवत नाही. दोन नंबर पाठ करून घ्या. आणि ही वाक्यं म्हणवून घ्या, लाज वाटली तरी: "माझं नाव अमुक. माझं वय पंधरा. आईला फोन लावा, नंबर हा. आई आली की बोलतो. सही करणार नाही."

नाव, पत्ता, वय खरं सांगायचं. पळायचं नाही, हात झटकायचा नाही, उलट उत्तर द्यायचं नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही, राज्यघटनेचं कलम २०(३). ते पोलिसांच्या चौकशीतही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सांगितलं. गप्प बसायचं म्हणजे उर्मटपणा करायचा असं नाही. मान खाली घालून, "सर, आई आल्यावर," एवढं पुरतं. खोटं मात्र बोलायचं नाही. घाबरलेल्या पोराचं खोटं दोन प्रश्नांत उघडं पडतं आणि मग त्याच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

वयाचा कागद आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मधला क्रम असा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही, आणि लोक नेमकं तेच घेऊन धावत येतात. गावाकडून आलेल्या कित्येक मुलांची तारीख गुरुजींनी १ जून लावलेली असते. खरी तारीख दुसरी असली तरी ठाण्यात त्यावर वाद घालू नका, शाळेचा कागद पुढे करा. गुन्हा घडला त्या दिवशीचं वय बघतात, पकडलं त्या दिवशीचं नाही.

गोष्ट बिघडलीच तर

मारलं असेल, तर मंडळापुढे नेल्यावर मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. अंगावरचे वळ दाखवायचे, वैद्यकीय तपासणी मागायची. रात्रभर बसवून ठेवलं असेल, तर दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ निरीक्षकांना लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निकालानंतर ठाण्यातलं चित्रण १८ महिने, आणि तशी यंत्रणा नसेल तर निदान एक वर्ष ठेवायचं आहे. तक्रार परिमंडळाच्या उपायुक्तांकडे, राज्याच्या बालहक्क आयोगाकडे किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे करता येते. चोवीस तास उलटले आणि मूल मंडळापुढे गेलंच नाही, तर वकिलाला थेट उच्च न्यायालयात जायला सांगा. तिथे वाट बघू नका.

मुलाचा फोटो, नाव, शाळा कुणीही छापायचं नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचणाऱ्या मामा-काकांना सांगते, सोसायटीच्या ग्रुपवर "आपल्या बिल्डिंगमधल्या अमक्याच्या मुलाला पोलिसांनी नेलं" असं टाकायचं नाही. आणि प्रकरण मिटल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ते जुनं रेकॉर्ड काढायचं नसतं. पासपोर्टच्या पडताळणीला कुणी हवालदार "लहानपणी तुझं काहीतरी होतं ना" म्हणाला, तर त्याला कलम ७४ चं दुसरं पोटकलम दाखवा.

मंडळाची तारीख चुकवू नका. नोटिशीवर पत्ता आणि वेळ वाचून घ्या. मुलगा, आई किंवा बाबा, शाळेचा दाखला आणि वकील, एवढी माणसं पुरे. घोळका घरीच ठेवा. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. परिविक्षा अधिकारी त्याआधी घरी येऊन अभ्यास, संगत, घरातली कमाई असं सगळं विचारेल. त्याला चहा द्या आणि घरात दारूचं व्यसन असेल तर तेही लपवू नका. ते लपवलं आणि शेजारच्याने सांगितलं, तर अहवालात वाईट दिसतं. स्वतः सांगितलं, तर बहुतेक वेळा मुलाच्या बाजूने जातं.